टॅटूभोवतीचा लाल चौकोन

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मैत्रीण २६ वर्षांची आहे. लहानपणी कोपराच्या आतल्या घडीत एक्झिमा यायचा, आजही खोटे कानातले घातले की कान सुजून लाल होतात, त्यामुळे घरात सगळे तिला 'नाजूक स्किनची' म्हणूनच ओळखतात. बरीच वर्षं मनात घोळवून शेवटी १२ दिवसांपूर्वी तिने हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, फुलांच्या फांदीचा टॅटू काढून घेतला. सध्या फक्त काळी आउटलाइन झालीये, फुलांत लाल रंग भरायचा बाकी आहे आणि त्याची तारीख तीन आठवड्यांवर आलीये. आर्टिस्टने वर पारदर्शक फिल्म चिकटवून चार दिवस ठेवायला सांगितली. दुसऱ्याच रात्री खाज सुटली, तिने कशीबशी कळ काढली, चौथ्या दिवशी फिल्म काढली तर आजूबाजूला सगळं लाल. मग अँटिबायोटिक मलम, मग आर्टिस्टने दिलेला बाम, मग कोरफडीचं जेल, मग कुठेतरी वाचून टी ट्री ऑइल. आता बारीक पुरळ आहे आणि खाज थांबत नाही. आर्टिस्ट म्हणतो तू काळजी नीट घेतली नाहीस, आई म्हणते सांगितलं होतं ना. तिला विचारायचंय की ही शाईची ॲलर्जी आहे का, आपल्यासारखीने टॅटूच्या वाटेला जायलाच नको होतं का, आणि आता लाल रंग भरावा की नाही.

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले. तू सहज लिहून गेलीस की फिल्म काढली तेव्हा लाल भाग अगदी पट्टीने आखल्यासारखा होता, चारी बाजूंनी सरळ, आणि टॅटूच्या बाहेर दोन बोटं कोऱ्या स्किनवर पण. पुढच्याच ओळीत तू शाईवर आळ घेऊन मोकळी झालीस. पण मला वाटतं तुझं निम्मं उत्तर त्या चौकोनातच आहे. शाईला कोपरे नसतात गं.

आता हे जरा सविस्तर सांगते कारण टॅटूनंतर घाबरून पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांना हेच उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाही, पण पुरळ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे बघायला डॉक्टर असायची गरज नाही, डोळे आणि चांगला उजेड पुरतो. शाई जिथे सुईने घातली तिथेच बसलेली असते, म्हणून शाईची ॲलर्जी असेल तर ती सहसा रेघेला किंवा त्या एका रंगाला धरून राहते, तेवढीच रेघ फुगते, टणक होते, खाजते, आणि शेजारचा दुसरा रंग मात्र मजेत असतो. चिकटपट्टीची किंवा फिल्मची ॲलर्जी फिल्मच्या आकाराची असते. क्रीमची ॲलर्जी जिथे जिथे बोट फिरलं तिथे तिथे, म्हणजे कडा अस्पष्ट, टॅटूच्या बाहेर पसरलेली, कधी कधी ज्या हाताने लावलं त्या बोटांच्या मध्येसुद्धा. आणि केसांच्या मुळाशी एकेक सुटी बारीक पांढरट पुटकुळी दिसत असेल तर बऱ्याचदा आपण मलम थापलेलं असतं एवढंच, खालचा केस गुदमरलेला असतो. म्हणून आज दिवसाउजेडी खिडकीपाशी बसून हात नीट बघ. रेघेवरून बोट फिरव, रेघ वर आलेली लागते का? की रेघ सपाट आहे आणि पुरळ बाजूच्या मोकळ्या जागेत आहे? तू लिहिलंस त्यावरून मला तरी दुसरंच वाटतंय, म्हणजे आधी फिल्मच्या गमने स्किन चिडली आणि मग त्या चिडलेल्या स्किनवर आपण चार वेगवेगळ्या पाहुण्यांना एकामागून एक बोलावलं.

वेळेचा हिशोबही तेच सांगतो. असल्या चिकटपट्टी-क्रीमच्या ॲलर्जीला उमटायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, तुझी खाज दुसऱ्या रात्री सुरू झाली. शाईची ॲलर्जी बहुतेक वेळा इतकी घाई करत नाही, ती आठवड्यांनी येते, महिन्यांनी येते, काही जणांना तर वर्षांनी येते. त्यात काळा रंग म्हणजे मुख्यतः कार्बन, म्हणजे काजळीच म्हण ना, आणि सगळ्या रंगांत तो त्यातल्या त्यात कमी कटकटीचा. शंभर टक्के सुटलीस असं मी म्हणत नाहीये, पण तुझ्या केसमध्ये शाईला मी शेवटून पकडेन.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रातली मला पटली नाही. तू तीन-चार वेळा लिहिलंस 'माझी सेन्सिटिव्ह स्किन', जसं काही ते आजाराचं नाव आहे. ते नाव नाहीये, तो फक्त तक्रारीचा सूर आहे. तुझ्याकडे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघींचं वागणं वेगळं आहे. एक म्हणजे एक्झिमा, यात स्किनचा वरचा थर जरा विरळ, ओल धरून ठेवत नाही, बाहेरचं पटकन आत जातं, पटकन कोरडी पडते. दुसरी ती कानातल्यांची, ती बहुतेक निकेलची ॲलर्जी, म्हणजे शरीराने एका ठरावीक पदार्थाचा चेहरा लक्षात ठेवलाय आणि तो दिसला की भांडण. पहिलीला कमी घासाघीस आणि जास्त मॉइश्चरायझर लागतं, दुसरीला तो एक पदार्थ टाळावा लागतो. सगळ्याला मिळून 'नाजूक' म्हटलं की मग काहीच टाळता येत नाही किंवा मग सगळंच टाळावं लागतं, आणि आई म्हणते ती गोष्ट तिथूनच येते.

बरं, आता त्या चार पाहुण्यांकडे. अँटिबायोटिक मलमापासून सुरू करू, कारण 'जखम आहे म्हणजे लावलंच पाहिजे' असं सगळ्यांना वाटतं. यातल्या दोन औषधांची नावं लक्षात ठेव, निओमायसिन आणि बॅसिट्रॅसिन. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवर, म्हणजे एखादी गोष्ट स्किनला लागून येणाऱ्या पुरळावर, काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना दरवर्षी एका पदार्थाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवते, त्यात २००३ साली बॅसिट्रॅसिन होतं आणि २०१० साली निओमायसिन. म्हणजे जे आपण बरं व्हायला लावतो तेच अंगावर उठणाऱ्यांच्या यादीत बरंच वर. स्वच्छ सुईने, स्वच्छ हाताने काढलेल्या टॅटूला बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरजच नसते. टी ट्री ऑइल तर जुनं झालं, हवा लागली की त्याची ॲलर्जी करायची ताकद आणखी वाढते, आणि तू ते थेट उघड्या स्किनवर लावलंस. नॅचरल आहे हे मला मान्य आहे, खाजकुयलीपण नॅचरलच आहे. कोरफडीचं जेल बिचारं सहसा निरुपद्रवी, पण बाटलीत येतं ते नुसती कोरफड नसते, त्यात वास असतो, रंग असतो, टिकवणारं काहीतरी असतं. बामचंही तेच, लेबलवर लॅव्हेंडर बिव्हेंडर काही लिहिलंय का बघ.

मी स्वतः यात पोळलेली आहे म्हणून इतकं बोलतेय. टॅटू नव्हता, हातावर साधं चटका लागल्याचं होतं, आणि मी 'अनसेंटेड' लिहिलेलं क्रीम चांगलं दोन आठवडे लावत होते आणि दर दिवशी जास्त लाल होत होतं, आणि जास्त लाल झालं म्हणून मी आणखी लावत होते. नंतर कळलं की अनसेंटेड म्हणजे वास येत नाही एवढंच, वास झाकायला आत सुगंधी पदार्थ घातलेला असू शकतो. तुला हवा तो शब्द आहे फ्रॅग्रन्स-फ्री. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची, पुढच्या बाजूला फुलांचं चित्र आहे की बाळाचं याला काही अर्थ नाही.

तर आता करायचं काय. सगळं थांबव. अक्षरशः सगळं, त्या चारही गोष्टी एका पिशवीत भरून ठेव, फेकू नको, त्या डॉक्टरला दाखवायच्या आहेत. दिवसातून दोनदा, आधी हात स्वच्छ धुऊन, मग कोमट पाण्याने टॅटू धुवायचा, साबण सौम्य आणि बिनवासाचा, बोटांच्या पेरांनी हलकं, कपडा नाही, स्पंज नाही, ब्रश तर नाहीच. टॉवेलने पुसायचं नाही, तो बाथरूममध्ये लटकलेला टॉवेल म्हणजे सगळ्या घराची वस्ती असते, स्वच्छ टिश्यूने नुसतं टिपायचं आणि दहा मिनिटं हवेवर ठेवायचं. मग साधं पेट्रोलियम जेली, मुगाच्या दाण्याएवढं, तुझ्या तळहाताएवढ्या जागेला तेवढं पुरतं. लावल्यावर स्किन जेमतेम चमकली पाहिजे, बोट घसरलं तर जास्त झालं, टिपून काढ. पेट्रोलियम जेलीला लोक नाकं मुरडतात, जुनाट वाटते, पण तिची ॲलर्जी फार म्हणजे फारच क्वचित होते आणि स्किनमधली ओल ती बहुतेक क्रीमांपेक्षा जास्त धरून ठेवते. पापुद्रे सुटून संपले की मग जेली बंद आणि साधं फ्रॅग्रन्स-फ्री क्रीम सुरू, एक्झिमावाल्यांसाठी असतं तसलं, सिरॅमाइड असलेलं.

खाज आली की खाजवायचं नाही हे तुला माहितीये आणि तरी रात्री झोपेत हात जातोच, त्यामुळे उपदेश देत नाही. नखं कापून टाक आणि झोपताना सैल मऊ सुती बाहीचं काहीतरी घाल. दिवसा स्वच्छ रुमालात गार पॅक गुंडाळून पाच मिनिटं धरलं की बराच उतार पडतो. आणि एवढं लक्षात घे की दुसऱ्या आठवड्यात थोडी खाज सगळ्यांनाच असते, ज्यांना आयुष्यात कधी पुरळ आलं नाही त्यांनाही. वरची स्किन सुटत असते, कोंड्यासारखे काळे पापुद्रे निघतात आणि बघणाऱ्याला वाटतं टॅटूच निघून चालला. खाज म्हणजे ॲलर्जीच असं समीकरण तू डोक्यात धरलंयस ते जरा सैल सोड. खाज कमी होत चाललीये की वाढत चाललीये हे महत्त्वाचं, आणि त्यासाठी रोज एकाच जागी, एकाच उजेडात, एक फोटो काढ, आठवण फार खोटं बोलते.

डॉक्टरकडे जायचं का? हो, या आठवड्यात जा, आणि स्किनच्याच डॉक्टरकडे. तू लिहिलंयस की जायला लाज वाटते, ते म्हणतील कशाला काढलास. म्हणू देत की, पण तुला एक्झिमा आहे, १२ दिवस झालेत आणि पुरळ उतरत नाहीये, एवढं कारण बास झालं. एक्झिमाच्या स्किनवर स्टॅफ नावाचे जंतू इतरांपेक्षा जास्त वस्तीला असतात त्यामुळे इन्फेक्शनची शक्यताही थोडी जास्त. जाताना ती पिशवी ने, फोटो ने, आणि फिल्म कुठली होती तेही आर्टिस्टला विचारून लिहून ने. ते कदाचित थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडचं मलम देतील, सांगितलं तितकेच दिवस लावायचं. पण स्वतःहून मेडिकलमधून ती तीन-तीन चार-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणू नको, प्लीज, त्याने आज छान वाटतं आणि खाली काय चाललंय ते झाकलं जातं.

या आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जायचं कधी, तर लाली दिवसागणिक बाहेर पसरतेय, हात लावला तर तापल्यासारखा लागतो, खाजेऐवजी ठणका सुरू झालाय, पू आहे, ताप आलाय किंवा टॅटूपासून वर काखेच्या दिशेने लाल रेघ चढताना दिसतेय. पेनने लालीच्या कडेवर, टॅटूपासून लांब, एक खूण करून ठेव, चार तासांनी लाली खूण ओलांडून गेली तर प्रश्नच मिटला, जायचं. अजून एक प्रकार असतो जो लोकांना ओळखू येत नाही, दोन-तीन आठवड्यांनी फक्त राखाडी शेडिंगमध्ये बारीक लाल गाठी येतात आणि साध्या औषधांनी जात नाहीत. अमेरिकेत रॉचेस्टर नावाच्या शहरात २०११ च्या अखेरीस एकाच आर्टिस्टकडच्या लोकांना असं झालं, आणि तपासाअंती निघालं की आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईतच जंतू होते, क्षयाच्या जंतूच्या भावकीतले. आर्टिस्ट स्वच्छ होता, गिऱ्हाइकांनी काळजी नीट घेतली होती, बाटलीच दूषित होती. हे तुला घाबरवायला नाही सांगत, तुला शेडिंग झालेलंच नाही. सांगतेय ते 'तू नीट काळजी घेतली नाहीस' या वाक्यासाठी.

त्या वाक्याचा तुला राग आलाय ते पत्रात दिसतंय, आणि आईच्या वाक्याचा जास्त आलाय. दोघं एकच चूक करतायत, कारण न शोधता माणूस शोधतायत. आर्टिस्टचा हात सुईवर बसलेला आहे, रोज शंभर प्रकारची स्किन बघतो, पण फिल्म सगळ्यांना तीच लावतो आणि बहुतेकांना ती चालते त्यामुळे त्याला ती बिनचूक वाटते. त्याला भांडायला जाऊ नको, माहिती काढायला जा. शाईच्या बाटलीचा फोटो माग, लेबल, बॅच नंबर, एक्स्पायरी, आणि रंगाचा कलर इंडेक्स नंबर, म्हणजे त्या रंगद्रव्याचा ठरलेला ओळख-क्रमांक, लिहिलेला असतो तो. चांगला आर्टिस्ट हे लगेच देतो. आढेवेढे घेतले तर तेही एक उत्तरच. आणि तूही एकदा स्वतःला विचार की पहिल्या भेटीत त्याला एक्झिमाचं आणि कानातल्यांचं सांगितलं होतंस का, पत्रात त्याचा कुठे उल्लेख नाहीये म्हणून विचारते. बरेच जण मुद्दाम सांगत नाहीत, नाही म्हणेल या भीतीने.

आता लाल रंग. इथे मला खरंच थांबून बोलायचंय कारण हाच तुझ्या हातात अजून असलेला निर्णय आहे, बाकीचं होऊन गेलंय.

सगळ्या रंगांत ॲलर्जीसाठी सगळ्यात बदनाम रंग कुठला असेल तर तो लाल. पूर्वी लाल शाईत हिंगूळ असायचा, म्हणजे पाऱ्याचं संयुग, तेव्हा लोक म्हणायचे पाऱ्यामुळे होतं. पारा गेला, त्या जागी अझो नावाच्या गटातली, कार्बनवर आधारलेली कृत्रिम रंगद्रव्यं आली, आणि तरीही तक्रारी लालच्याच जास्त राहिल्या. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या ४,००० च्या वर रसायनांवर बंधनं घातली, बरीच अझो रंगद्रव्यं त्यात सापडली, म्हणजे काळजी करणारी तू एकटी नाहीस. पण नियम झाला म्हणजे तुझ्या आर्टिस्टच्या कपाटातली बाटली त्या नियमातली आहे असं नाही, म्हणून तो कलर इंडेक्स नंबर महत्त्वाचा. आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं, रंगांमध्ये निकेल मुद्दाम घालत नाहीत पण भेसळ म्हणून थोडं येऊ शकतं, विशेषतः तपकिरी-विटकरी छटा देणाऱ्या लोहाच्या रंगांत.

तू लिहिलंस की आर्टिस्ट म्हणाला आधी एक लाल ठिपका देऊन बघू, काही झालं नाही तर भरून टाकू. हा सल्ला ऐकायला फार समंजस वाटतो. पण शाई आत जाऊन गप्प पडून राहते असं नाही. आपल्या स्किनमधल्या काही पेशी ती गिळून बसतात, त्या पेशी मेल्या की शाई सुटते आणि दुसऱ्या पेशी ती परत गिळतात, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून दाखवलं. म्हणजे टॅटू टिकतो तोच मुळी शरीराचे पहारेकरी तो पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या हातात देत राहतात म्हणून. त्यात ऊन लागलं की काही रंगद्रव्यं फुटून नवेच पदार्थ तयार होतात. त्यामुळे ठिपक्याला दोन आठवड्यांत काही झालं नाही याचा अर्थ दोन आठवड्यांत काही झालं नाही, एवढाच. पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती डॉक्टरांची पॅच टेस्ट मात्र फिल्मचा गम, निकेल, सुगंध, अँटिबायोटिक मलमं यांच्यासाठी खरंच कामाची आहे, तुला नीट उत्तर मिळेल, जमलं तर करून घे. शाईसाठी ती तितकी भरवशाची नाही, वरून लावलेली शाई आणि आत मुरलेली शाई यात फरक पडतो.

मग पर्याय काय उरतात. ठरलेल्या तारखेला जाणं हा पर्याय मी सरळ खोडते, चिडलेल्या स्किनवर पुन्हा सुई नको, ॲडव्हान्स बुडाला तर बुडाला. वरून टॅटू दोन ते चार आठवड्यांत बरा दिसतो पण आतला थर भरून यायला दोन-तीन महिने लागतात, एक्झिमावालीला जास्तच धर. तेव्हा कमीत कमी तीन महिने काहीच ठरवू नको. त्यानंतर तीन वाटा आहेत: आउटलाइन आहे तशी ठेवायची, काळ्याच शाईने फुलांत शेडिंग करायचं, किंवा लाल भरायचाच तर अगदी थोडा, एखाद्या पाकळीपुरता, आणि किमान सहा महिने बघायचं. माझं मत विचारशील तर मी दुसरी वाट घेईन. कारण असं बघ, काळ्यावर समाधान मानलंस आणि पुढे मन बदललं तर लाल कधीही भरता येतो, पण लाल भरला आणि तो उठला तर काढणं महाकठीण. लेसर रंग फोडतो, आणि ॲलर्जी असलेला रंग फोडून अंगभर पसरवणं म्हणजे आगीत तेल, डॉक्टर अशा वेळी लेसरला सहसा तयार होत नाहीत, मग इंजेक्शनं, मलमं आणि कधी कधी तेवढी स्किन कापूनच काढावी लागते. पण हा हात तुझा आहे, आणि तुला लाल फुलंच हवी असतील, सगळं माहीत असून हवी असतील, तर मी नाक मुरडणार नाही. फक्त 'अर्धवट दिसतं' म्हणून घाईने नको. काळ्या आउटलाइनची फांदी अर्धवट दिसत नाही, तुला माहितीये पुढे काय ठरलं होतं म्हणून तुला तशी दिसते.

पुढच्या वेळी, लाल असो की काळा, दोन गोष्टी आधी घरीच करता येतात. फिल्मचा छोटा तुकडा आर्टिस्टकडून मागून घे आणि दंडावर दोन दिवस लावून ठेव. आणि जे क्रीम वापरणार आहेस ते दुसऱ्या हाताच्या कोपराजवळ नाण्याएवढ्या जागी रोज दोनदा, सात ते दहा दिवस लाव. एक दिवस लावून 'काही नाही झालं' म्हणणं उपयोगाचं नाही, शरीराला आठवायला वेळ लागतो. फिल्म अंगावर उठली तर नुसत्या मऊ, न चिकटणाऱ्या ड्रेसिंगवर पहिला दिवस काढता येतो आणि नंतर उघडाच ठेवायचा, फिल्म यायच्या आधीही टॅटू बरे होतच होते.

तुझ्या पत्राच्या निमित्ताने वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. एक्झिमा सध्या फुललेला असेल तर तो शांत होईपर्यंत थांबा आणि जिथे तो वारंवार येतो ती जागाच टाळा. सोरायसिस, कोड किंवा लायकेन प्लॅनस असेल तर जास्त जपा, यात जिथे जखम होते तिथेच नवा डाग उमटू शकतो, डॉक्टर त्याला कोबनर म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या ज्या जर्मन डॉक्टरने हे टिपलं त्याच्या नावावरून. तुमच्या जुन्या ओरखड्यावर किंवा ऑपरेशनच्या खुणेवर असा डाग आला होता का ते आठवा, आला असेल तर माझं मत नको असंच आहे. कान टोचलेल्या जागी गाठ धरली असेल तर टॅटूच्या जागीही धरू शकते. तिळावर टॅटू काढू नका, उद्या तीळ बदलला तर दिसणार नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर आधी ज्यांनी दिल्यात त्यांना विचारा. आणि 'आधी टेंपररी काढून बघते' म्हणून काळी मेंदी लावायचा विचार असेल तर तो सोडा, ती काळी करायला त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी घालतात, त्याने फोड येऊ शकतात आणि मग पुढे आयुष्यभर केसांचा डायसुद्धा चालेनासा होऊ शकतो. पक्का टॅटू परवडला म्हणायची वेळ येते.

हां, पोहण्याचं विचारलं होतंस, सोमवारपासून क्लास परत सुरू होतोय म्हणून. नाही, अजून नाही. शेवटचा पापुद्रा सुटून वरची स्किन बंद होईपर्यंत ना स्विमिंग पूल, ना टब, शॉवर चालेल, पण धारेखाली धरून ठेवायचा नाही. तुझ्या हाताच्या आत्ताच्या अवस्थेत मी अजून तीन आठवडे तरी धरेन आणि शेवटचा शब्द डॉक्टरचा. तोवर उन्हात जाताना बाही खाली, सनस्क्रीन आत्ता लावायचं नाही. पूर्ण बरं झाल्यावर झिंकवालं, एसपीएफ ३० किंवा वरचं, आणि हो, ते पण आधी दुसऱ्या हातावर दहा दिवस.